दोघांची आरव्ही सहल : मुक्काम कसे निवडावेत आणि काय पाहावे

आपल्या मंडळातील कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आई-वडीलही दर वर्षी वाढत आहेत. नातवंडे शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि आपण दोघे घरात. अशा वेळी "तुम्ही ते फिरते घर घेऊन हिंडून आलात म्हणे, आम्हाला जमेल का?" असे बडोद्याला परतल्यावर अनेकांनी विचारले. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून ही माहिती. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे. आम्ही केलेला मार्ग लास वेगासहून निघून झायन, ब्राइस, पेज आणि ग्रँड कॅन्यन करून पुन्हा लास वेगासला येणारा होता. तोच येथे उदाहरण म्हणून घेतला आहे. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून आरक्षणाआधी त्या त्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा ताडून पाहावे.

आधी मुक्काम, मग स्थळ

बहुतेक जण सहल आखताना पाहायच्या ठिकाणांची यादी करतात आणि मग वाटेत कोठे झोपता येईल ते शोधतात. हॉटेलच्या सहलीत हे चालते. आरव्हीत चालत नाही, कारण तुमचे घर आणि तुमची गाडी एकच असते. एखादा देखावा पाहायला निघायचे तर पाण्याची नळी काढा, विजेची तार गुंडाळा, कपाटे बंद करा, शेगडीवरचे पातेले उतरवा, आणि पंचवीस फुटांचे घर घेऊन वाहनतळ शोधत फिरा. असे दिवसातून दोनदा करावे लागले तर सहलीचा आनंद राहत नाही.

म्हणून आमचा पहिला नियम असा : जेथे घर एकदा उभे केले की दोन-तीन दिवस हलवावे लागणार नाही, आणि तेथून पायी किंवा पार्कच्या मोफत बसने सर्व पाहता येईल, तेच कॅम्पग्राउंड चांगले. या मार्गावरील झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन या तिन्ही पार्कांत हंगामात मोफत शटल बस चालतात. पहिल्या सहलीसाठी आम्ही हाच मार्ग सुचवतो, त्याचे मुख्य कारण हेच.

दुसरा नियम : जोडीच्या सहलीचा वेग दोघांपैकी जो हळू चालतो त्याच्या पायाने ठरवावा. एकाचे गुडघे दुखत असतील आणि दुसऱ्याला डोंगर चढायची हौस असेल, तर यादी गुडघ्यांनी करावी. हौस असलेल्याने पहाटे एकट्याने तासभर चालून यावे. उलट केले तर एक जण सगळे पाहतो आणि दुसरा गाडीत बसून वाट पाहतो. आम्ही वाटेत अशा दोन-तीन जोड्या पाहिल्या.

गाडी केवढी घ्यावी

भाड्याने मिळणाऱ्या आरव्हींत दोघांसाठी 'क्लास सी' प्रकारातली सुमारे २५ फुटांची गाडी पुरेशी होते. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला माळा, मागे पलंग, मध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि छोटे न्हाणीघर अशी तिची रचना असते. लांबीने ती आपल्या एस.टी. बसपेक्षा बरीच कमी असते, पण उंची सुमारे १२ फूट भरते, हे कायम लक्षात ठेवावे. पेट्रोल पंपाचे छप्पर, झाडाच्या फांद्या, हॉटेलची कमान ही सगळी त्या उंचीवर येतात. पुष्कळ भाडेकरारांत छताचे आणि गाडीखालचे नुकसान विम्यातून वगळलेले असते. नोकरीत असताना आम्ही खातेदारांना सही करण्यापूर्वी कागद वाचा असे सांगत आलो. येथे ते स्वतःच करायचे आहे.

करारात चार गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. एक, किती मैल भाड्यात धरले आहेत आणि पुढे दर मैलाला किती आकार. दोन, जनरेटर दर तासाला किती. तीन, अंथरूण-पांघरूण आणि भांडी भाड्यात आहेत की वेगळी. चार, कोणत्या भागात गाडी नेण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ देण्यास बऱ्याच कंपन्या तयार नसतात.

भारतातील परवान्यासोबत आर.टी.ओ.कडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन जावा. तो एक वर्ष चालतो. तेथे वाहने उजवीकडून चालतात. मुलाच्या गाडीवर आठवडाभर हात बसल्याशिवाय आरव्ही चालवायला घेऊ नये. अशी गाडी एका गॅलनला साधारण ८ ते १० मैल जाते. या पूर्ण फेरीचे जवळपास ९०० मैल होतात, म्हणजे १०० गॅलनच्या आसपास पेट्रोल लागेल असे अंदाजपत्रकात धरावे.

हुकअप म्हणजे काय

कॅम्पग्राउंड निवडताना हा शब्द सारखा भेटतो. उभ्या गाडीला बाहेरून मिळणाऱ्या सोयी म्हणजे हुकअप. त्याचे तीन प्रकार समजावेत.

फुल हुकअप : वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही जागेवर. घरासारखेच राहता येते.

फक्त वीज, किंवा वीज आणि पाणी : सांडपाणी गाडीच्या टाकीत साठते. निघताना ते डम्प स्टेशनवर सोडायचे.

काहीच नाही : यास तेथील लोक ड्राय कॅम्पिंग म्हणतात. टाकीतले पाणी, बॅटरीचे दिवे आणि गॅसवरचा फ्रिज एवढ्यावर भागवायचे. मायक्रोवेव्ह आणि एसी चालत नाहीत. जनरेटर ठराविक वेळातच लावता येतो आणि रात्री तर नाहीच.

वय झालेल्या जोडप्याने हा मुद्दा तब्येतीशी जोडून पाहावा. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावणाऱ्यांना रात्रभर वीज हवी, म्हणून त्यांनी विजेशिवायची जागा घेऊच नये. ज्यांना रात्री तीन-चार वेळा उठावे लागते त्यांची टाकी लवकर भरते. दोघांपैकी एकाला थंडी सोसत नसेल तर उंचावरच्या जागी विजेची जोडणी असलेली बरी. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो.

सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात. शौचालयाची काळी आणि मोरी-न्हाणीची करडी. आधी काळी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे वापरावेत. तेथल्या प्रत्येक नळाचे पाणी पिण्याचे नसते, वरची पाटी वाचूनच पिण्याची टाकी भरावी. भांडी घासताना आपण घरी सोडतो तशी पाण्याची धार सोडली तर करडी टाकी सर्वात आधी भरते. खरकटे आधी कागदाने पुसून मग धुणे हा उपाय.

सरकारी की खासगी

नॅशनल पार्कच्या आतली कॅम्पग्राउंड देखाव्याला सर्वात जवळ आणि बहुधा स्वस्त असतात, पण त्यांत सोयी कमी आणि गाडीच्या लांबीवर मर्यादा असते. त्यांचे आरक्षण बहुतांशी सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर होते. लोकप्रिय जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि पहिल्याच सकाळी संपतात. लेकाला नाहीतर सुनेला आधीच सांगून ठेवावे.

खासगी कॅम्पग्राउंड पार्कच्या बाहेर असतात. तेथे फुल हुकअप, कपडे धुण्याचे यंत्र आणि गरम पाण्याची न्हाणीघरे मिळतात. केओए ही १९६२ साली माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झालेली साखळी देशभर आहे. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, पण पहिल्या एक-दोन रात्री असा शेजार बरा वाटतो. आमची विजेची तार नीट बसत नव्हती तेव्हा शेजारच्या आजोबांनी न सांगता येऊन लावून दिली.

सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहण्याची सोयही पश्चिमेकडच्या राज्यांत आहे, साधारणतः एका जागी १४ दिवसांपर्यंत. पाणी, दिवा, शेजार काही नाही. पहिल्या सहलीत हा प्रयोग करू नये.

पार्कच्या प्रवेशाचा हिशेब

हा भाग जपून वाचावा, कारण २०२६ पासून नियम बदलला आहे. जे अमेरिकेचे रहिवासी नाहीत, म्हणजे आपल्यासारखे व्हिजिटर व्हिसावर गेलेले, त्यांना ११ मोठ्या पार्कांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. १६ वर्षांखालील मुलांना ते नाहीत. झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्या यादीत आहेत. अरहिवाशांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे आणि तो घेतला की हे जादा शुल्क लागत नाही.

दोघांसाठी गणित मांडू. तीन पार्कांचे प्रत्येकी ३५ डॉलर वाहन शुल्क म्हणजे १०५. जादा शुल्क दोघांचे २०० प्रमाणे तीन ठिकाणी ६००. एकूण ७०५ डॉलर. त्याऐवजी वार्षिक पास २५० डॉलर. पासने ४५५ डॉलर वाचतात, शिवाय पेजजवळच्या ग्लेन कॅन्यन क्षेत्रातही तोच पास चालतो.

ज्येष्ठांचा सवलतीचा पास ६२ वर्षांवरील लोकांना मिळतो, पण तो अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरताच आहे. आपल्यापैकी ज्यांना ग्रीन कार्ड मिळाले आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. वर्षाचा २० डॉलर, आजीवन ८० डॉलर, आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडांत निम्मी सूटही मिळते. ओळखपत्र बरोबर ठेवावे.

केव्हा जावे

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना आम्हाला सर्वात योग्य वाटतो. गणपती उरकून निघावे. झायनच्या दरीत जून-जुलैत पारा ३८ अंशांच्या वर जातो. जुलै ते सप्टेंबर या भागात दुपारी अचानक पाऊस येतो आणि अरुंद घळींतून लोंढा उतरतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक मृत्यू पावले. वर आभाळ निरभ्र असले तरी लांब कोठे पडलेल्या पावसाचे पाणी येते, म्हणून घळीत शिरण्यापूर्वी त्या दिवसाचा इशारा विचारावा. एप्रिलअखेर आणि मे हा दुसरा पर्याय आहे, पण ब्राइसला तेव्हाही रात्री कडाक्याची थंडी असते.

मुक्कामवार आखणी : १२ रात्री

आरव्हीवाल्या लोकांत ३-३-३ असा एक ठोकताळा आहे : दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नको, दुपारी ३ पर्यंत पोहोचा, आणि एका जागी ३ रात्री राहा. आपल्यासाठी पहिला आकडा निम्मा करावा. उरलेले दोन जसेच्या तसे पाळावेत. अंधारात नव्या जागी गाडी मागे घेणे आमच्या वयाला नको.

लास वेगास, १ रात्र. विमानातून उतरल्यावर लगेच गाडी ताब्यात घेऊ नये. एक रात्र हॉटेलात झोपून दुसऱ्या दिवशी घ्यावी. पहिला मुक्काम शहरातच एखाद्या फुल हुकअप असलेल्या खासगी जागी करावा. त्या संध्याकाळी सर्व जोडण्या स्वतः करून पाहाव्यात, किराणा भरावा. काही अडले तर कंपनी जवळ असते.

झायन, ३ रात्री. अंतर सुमारे १६० मैल. वॉचमन कॅम्पग्राउंड दक्षिण प्रवेशद्वाराला लागून आहे, तेथील काही जागांना वीज मिळते आणि डम्प स्टेशनही आहे. मार्च ते नोव्हेंबर दरीतल्या रस्त्यावर मुख्यतः शटलच चालते, आणि ती व्हिजिटर सेंटरवरून, म्हणजे कॅम्पपासून पायी जाता येईल अशा ठिकाणाहून सुटते. पारस ट्रेल हा नदीकाठचा फरसबंदी सपाट रस्ता तेथूनच सुरू होतो. एका बाजूला १.७ मैल, हवे तेथून परतता येते. शटलच्या शेवटच्या थांब्यावरचा रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन २.२ मैलांचा. दोन्ही बाजूंना लाल कडे आणि मध्ये वाहते पाणी, गुडघेदुखी असलेल्यांनाही झेपतो. एंजल्स लँडिंगची चढण फार प्रसिद्ध आहे, तिला २०२२ पासून परवानाही लागतो, पण साखळी धरून कड्यावर चढण्याचे ते ठिकाण आपल्या यादीत नको. स्प्रिंगडेल गाव पार्कच्या दाराशीच आहे, एक रात्र जेवण तेथे करावे.

ब्राइस, २ रात्री. झायनहून सरळ रस्ता माउंट कार्मेल बोगद्यातून जातो आणि तो ८५ मैलांचा आहे. पण १९३० साली पुरा झालेला हा १.१ मैलांचा बोगदा लहान वाहनांसाठी बांधलेला. आम्ही गेलो तेव्हा १५ डॉलर घेऊन, समोरची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या सोडत. २०२६ च्या मध्यापासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाड्यांना ही वाट बंद करण्याचा निर्णय झाला आहे, आणि भाड्याची आरव्ही त्या मापात बसत नाही. म्हणून इंटरस्टेट १५ ने सीडर सिटीच्या पुढे जाऊन, राज्य मार्ग २० ने पांग्विचमार्गे वळसा घ्यावा. अंतर १५० मैलांच्या आसपास होते. बोगद्याचा रस्ता दाखवणाऱ्या फोनच्या नकाशावर विसंबू नये.

ब्राइसचा कडा ८,००० ते ९,००० फुटांवर आहे, म्हणजे साधारण गुलमर्गची उंची. पहिल्या दिवशी चालताना दम लागतो. पार्कच्या आतली नॉर्थ आणि सनसेट ही दोन्ही कॅम्पग्राउंड झाडीत आणि सुंदर आहेत, पण तेथे हुकअप नाही. ज्यांना रात्री वीज हवी त्यांनी दाराबाहेरच्या रूबीज इनच्या आरव्ही पार्कमध्ये राहावे. शटल तेथेही थांबते. आम्ही तेच केले, आणि रात्री उबेत झोपलो. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा अर्ध्या मैलाचा कडेकडेचा रस्ता सपाट व फरसबंदी आहे. खाली हजारो शिळास्तंभ उभे दिसतात. भेगांत पाणी शिरते, रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि असे वर्षानुवर्षे होऊन दगड कोरला जातो. रात्री आकाश अवश्य पाहावे. बडोद्यात कधी न दिसणारी आकाशगंगा तेथे नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते.

पेज, २ रात्री. कॅनॅबमार्गे सुमारे १५० मैल. लेक पॉवेल जलाशयाकाठी वॉवीप येथे फुल हुकअपच्या जागा आहेत. टाक्या रिकाम्या करणे, कपडे धुणे, आराम, यासाठी हा मधला मुक्काम. कोलोरॅडो नदीवरचे ७१० फूट उंच ग्लेन कॅन्यन धरण जवळच आहे. हॉर्सशू बेंड येथे नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. जाऊन-येऊन दीड मैल चालावे लागते, सावली कमी, म्हणून सकाळी जावे. तेथील वाहनतळ पेज शहराचा आहे, पार्कचा पास चालत नाही. अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या भूमीवर आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. लोअर भागात उभे लोखंडी जिने आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा विचार करून कोणता भाग घ्यावा ते ठरवावे.

येथे घड्याळाची एक गंमत आहे. उन्हाळ्यात युटा राज्य एक तास पुढे असते, ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, पण ॲरिझोनातलाच नावाहो प्रदेश बदलतो. टूर आरक्षित करताना वेळ कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्यावे.

ग्रँड कॅन्यन, दक्षिण कडा, ३ रात्री. कॅमेरॉनमार्गे सुमारे १४० मैल. वाटेत पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू येथे थांबावे. तेथला ७० फुटी दगडी मनोरा वास्तुकार मेरी कोल्टर यांनी १९३२ साली उभारला. मुक्कामाला दोन पर्याय. मेदर कॅम्पग्राउंड झाडीतले, पण हुकअप नाही आणि ३० फुटांची मर्यादा. ट्रेलर व्हिलेज फुल हुकअपचे, शटलचा थांबा दाराशी, किराणा दुकान आणि टपाल कचेरी जवळ. शेवटी थकवा साठलेला असतो, म्हणून आम्ही ट्रेलर व्हिलेजच सुचवतो.

दरी २७७ मैल लांब, काही ठिकाणी १८ मैल रुंद आणि सुमारे एक मैल खोल आहे. कडा ७,००० फुटांवर, जवळपास सिमल्याइतका उंच. कडेने जाणाऱ्या रिम ट्रेलचा बराच भाग सपाट फरसबंदी आहे. दमलात की पुढच्या थांब्यावर बस मिळते. यावापाई संग्रहालयापासून 'ट्रेल ऑफ टाइम' सुरू होतो. त्यात प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, आणि वाटेत त्या त्या काळचे दगड मांडलेले. शास्त्र न शिकलेल्यालाही ते चालता चालता कळते. मार्च ते नोव्हेंबर हर्मिट रोडवर शटल जाते. सूर्यास्त होपी पॉइंटवरून पाहावा, मात्र परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून. ज्यांना चालणे अगदीच कठीण आहे त्यांना प्रवेशद्वाराशी विचारल्यास तो रस्ता स्वतःच्या गाडीने जाण्याचा परवाना मिळू शकतो.

ब्राइट एंजल वाटेने दरीत थोडे खाली उतरण्याचा मोह होतो. उतरणे सोपे असते. वर यायला दुप्पट वेळ लागतो, असे तेथील रेंजरही सांगतात. खाली उतरायचेच तर दोघांपैकी कोणीही अर्ध्या तासापेक्षा जास्त जाऊ नये.

परतीची १ रात्र. ग्रँड कॅन्यन ते लास वेगास सुमारे २८० मैल, एका दिवसात नको. विल्यम्स किंवा किंगमन येथे थांबावे. शेवटच्या सकाळी टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल भरून गाडी परत द्यायची असते.

काय वगळावे

मॉन्युमेंट व्हॅली, आर्चेस, सगळेच नावाजलेले. आम्हीही आधी कागदावर लिहिले होते. प्रत्येक नाव वाढले की एक हलण्याचा दिवस वाढतो, आणि हलण्याच्या दिवशी चालवणारा दमतो, आवरणारी दमते. बारा रात्रींत सहा वेळा हलणे ही आमची मर्यादा. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावरचे जुने लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळाले, तो कडा या फेरीत धरू नये. राहिलेले पुढच्या खेपेला, किंवा चित्रांत.

घरातली कामे कोणाची

हे शेवटी लिहीत आहोत, पण सहल बहुधा येथेच बिघडते. फिरते घर म्हणजे फिरते स्वयंपाकघरही. काका चालवणार, नकाशा पाहणार, फोटो काढणार. आणि काकू बडोद्यातल्यासारखीच पोळी-भाजी दोन वेळा करणार, फक्त ओटा दोन फुटांचा. अशी सहल एकाचीच होते. आम्ही निघण्यापूर्वी कागदावर वाटणी केली. सकाळचा चहा व नाश्ता एकाचा, रात्रीचे जेवण दुसऱ्याचे, तीन दिवसांतून एक जेवण बाहेर. थेपले, खाखरे, मेतकूट आणि लसणाची चटणी यांवर बऱ्याच दुपारी निघाल्या. भारतातून नेलेले खाद्यपदार्थ विमानतळावर कस्टमच्या अर्जात जाहीर करावेत, ताजी फळे मुळीच नेऊ नयेत. बाकी किराणा लास वेगासलाच घ्यावा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि सगळे कॅम्प बघायला येते.

त्याचप्रमाणे नळी, तार, गॅसची कळ आणि टाकी रिकामी करणे हे दोघांनाही आले पाहिजे. एकाला ताप आला तर दुसरा अडू नये. चालवणे एकालाच येत असेल तर त्याच्या विश्रांतीचा दिवस आखणीत असायलाच हवा.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर ८,००० फुटांवर राहण्याबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रवास विमा घेताना जुने आजार त्यात धरले आहेत का ते पाहावे. बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून मुलांना प्रत्येक मुक्कामाचे नाव, जागेचा क्रमांक आणि तारीख आधीच लिहून द्यावी. तातडीचा क्रमांक ९११.

निवड करताना विचारायचे सात प्रश्न

१. येथून गाडी न हलवता काय काय पाहता येईल?
२. शटलचा थांबा पायी किती अंतरावर आहे, आणि आपल्या तारखांना ती चालू आहे का?
३. रात्री वीज लागणारे कोणी आहे का?
४. मागच्या मुक्कामापासून १५० मैलांच्या आत आहे का, दुपारी ३ पर्यंत पोहोचू का?
५. आपल्या गाडीची लांबी-उंची त्या जागेत आणि वाटेतल्या रस्त्यावर बसते का?
६. टाकी रिकामी करण्याची पुढची सोय कोठे आहे?
७. दोघांपैकी हळू चालणाऱ्याला येथे निदान एक देखावा आरामात पाहता येईल का?

सातव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर ती जागा कितीही नावाजलेली असली तरी सोडून द्यावी. मंडळातील कोणी हा मार्ग आखत असल्यास आमच्या तारखांची वही आणि खर्चाचा तक्ता कार्यालयात ठेवला आहे. खुशाल पाहावा, आणि परत आल्यावर आपलीही भर त्यात घालावी.